बाळाला पाजण्याबाबतची बैठक

पाजताना स्तनावर पकड नीट बसली की बाळाचा खालचा ओठ बाहेर वळतो. क्रांतीच्या दहा दिवसांच्या मुलाचा ओठ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तसा वळला आणि चार सेकंद तसाच राहिला. मग दार उघडले.

क्रांती पहिल्या बाळंतपणाला वाईजवळ माहेरी आली होती. बाळ बघायला येणारा प्रत्येक जण डिंकाचे लाडू आणि एक सल्ला आणत असे. तिचे वडील, निवृत्त सुभेदार मानसिंग, यांनी शिस्त म्हणून दाराशी वही ठेवली : नाव, नाते, सल्ला, सही. त्याने गर्दी वाढली. सही करायला मिळते म्हटल्यावर लांबचे नातेवाईकही आले.

वही तपासता सल्ले परस्परविरोधी आढळले. आत्या बयाबाईंच्या मते दूध कमी होते. तासगावहून बेदाण्याची पिशवी घेऊन आलेल्या सासूबाई मनुबाईंच्या मते ते पातळ होते. दूध दोघींनीही पाहिले नव्हते. सबब सुभेदारांनी बाळंतिणीच्या खाटेभोवतीच तातडीची बैठक बोलावली. सह्या अकरा झाल्या.

"पोरीनं बसून पाजावं," बयाबाई म्हणाल्या.

"आवं, पडून! आमी चार पोरं पडूनच पाजली," मनुबाई म्हणाल्या.

"व्हय विहीणबाई, तवाच जावईबापू कवा बगावं तवा आडवं असत्यात."

विषय मताला टाकण्यात आला. क्रांतीला मत नव्हते. पहिलटकरीण असल्याने ती अनुभवाच्या अटीत बसत नव्हती.

"आबा, त्याला भूक लागलीय," ती म्हणाली.

"नोंद घेतो, पोरी. पर ठराव झाल्याबिगर पाजायचं न्हाई. चुकीचं पाजलं तर जबाबदार कोण?"

बाळ रडू लागले. कामकाज ऐकू येईना, म्हणून बैठक संपेपर्यंत बाळाला ओसरीवर न्यावे असे एकमताने ठरले. त्या दिवसाचे ते एकमेव एकमत. ओसरीवर आरोग्य केंद्राच्या आशाताई चारुशीला पाऊण तास उभ्या होत्या. बाळाला कसे धरावे हे दाखवायला त्या आल्या होत्या. परंतु वहीतल्या 'नाते' या रकान्यात लिहिण्यासारखे त्यांच्याकडे काही नव्हते.

बाहेरचे रडणे आत आले आणि क्रांतीचा गाऊन पुढून भिजला. दूध कमी असल्याचा मुद्दा तेव्हा चर्चेला होता.

क्रांती उठून उभी राहिली.

"बाळ आत आणा. चारुशीलाताई, तुमी या. बाकी सगळी भाईर."

सुभेदारांनी वहीवरून नावे पुकारत अकरा जणांना बाहेर काढले आणि स्वतःही गेले. क्रांती मात्र बाळ घेऊन तशीच उभी. कोणीतरी अजून खाटेशेजारी होते. नऊ वाजून दहा मिनिटांपासून, बाळाच्या ओठाकडे टक लावून, वहीत सही न करता.

"तुमी बी," ती म्हणाली. "गोष्ट वाचून झाली असंल तर दार लावून घ्या."