भास्कररावांच्या पाँचोची तपासणी

हिवरटेक गावात थंडीला दोन सुयांवर विणलेल्या कपड्यातून आत शिरायची परवानगी नाही. क्रोशाच्या कपड्यातून आहे. हा नियम कुणी केला हे कुणाला ठाऊक नाही आणि कुणी विचारायलाही जात नाही, कारण थंडी स्वतः तो काटेकोर पाळते. क्रोशाच्या एकाच आकडेवाल्या सुईने केलेलं काम कितीही दाट असो, तिच्या लेखी ती जाळीच. दुकानातला यंत्राचा स्वेटर तर ती हातातही घेत नाही. कपडा घरच्याच माणसाने विणलेला लागतो. दर मार्गशीर्षात ती घरोघरी येऊन तपासणी करते, फायलीत शेरा लिहिते आणि मग कामाला लागते. गेल्या वर्षी पोस्टातले निवृत्त गोडांबे बायकोने हौसेने केलेला क्रोशाचा मफलर गुंडाळून बसले. थंडी त्यांच्या मानेतून आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही. वैशाखात लोक त्यांच्याशेजारची जागा धरून ठेवतात.

इंदुमती कारखानीस यांना हे सगळं माहीत होतं, आणि तरीही त्या नवऱ्यासाठी क्रोशाने पाँचो करत होत्या.

दुसरा इलाज नव्हता. चैत्रात त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. हात बरा झाला, पण आता त्याला वस्तू नुसती धरता येई, बोटं चालवता येत नसत. श्रावणात भास्कररावांना न्यूमोनिया झाला. डॉक्टर म्हणाले, “यंदा यांच्यात थंडी शिरली तर पुढचं मी सांगू शकत नाही.” भास्कररावांचा उजवा खांदा आखडलेला, जुन्या स्वेटरची बाही काही केल्या चढेना. म्हणून पाँचो, डोक्यातून घातला की झालं. नवरा तिरसट होता, चहातली साखरसुद्धा तपासून पाहणारा होता, पण इंदुमतींना तो हवा होता. बाकी प्रश्नच नव्हता.

क्रोशाची सुई नेहमी खालच्या टाक्याच्या माथ्यातून घालतात. इंदुमतींनी ती टाक्याच्या पोटात, दोन पायांच्या मधून घालून पाहिली. आठ दिवस विणलं आणि उसवलं. हात घट्ट पडला तर कापड फळीसारखं होई. शेवटी जाड सुई घेऊन हात सैल सोडला, तेव्हा समोरच्या बाजूने एकाखाली एक असे सुबक कोन उतरायला लागले, अगदी दोन सुयांवरच्या सुलट टाक्यासारखे. मागची बाजू मात्र काही केल्या जमेना. तिला त्यांनी अस्तर लावायचं ठरवलं.

राहता राहिला आवाज. दोन सुया एकमेकींवर आपटून टकटक वाजतात. क्रोशाची सुई मुकी. आणि कार्तिक लागला की थंडी हलक्या पावलांनी गावात फिरते, खिडक्यांखाली उभी राहून कान देते. एक दिवस शेजारच्या लीलाताई गुप्ते कुंपणापाशी आल्या.

“काय हो इंदुताई, यंदा तुमच्याकडून आवाज नाही तो?”

विचारणं साधंच होतं, पण विचारताना त्यांनी इंदुमतींच्या मनगटाकडे पाहिलं. त्याच संध्याकाळी इंदुमतींनी जुन्या दोन सुया काढून भास्कररावांच्या हातात दिल्या.

“हे काय?”

“बोटांचा व्यायाम. रोज पाच ते सहा एकमेकींवर आपटायच्या. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“मला नाही सांगितलं.”

“तुम्ही चपला शोधत होतात, तेव्हा मला सांगितलं.”

भास्करराव वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तराजूंवर संशय घेतला. नोकरी संपली, संशय संपला नाही. पण व्यायाम म्हटल्यावर त्यांनी तो नेमाने केला, आणि करताना चष्म्याच्या वरून बायकोकडे बघत राहिले.

“तुझ्या हातात एकच सुई दिसते.”

“दुसरी पदराखाली आहे.”

“पदराखाली काय करते ती?”

“तिचं काम.”

पाँचो पुरा झाला तेव्हा त्यांनी कपाटातून आपलं जुनं भिंग काढलं आणि तासभर तो खिडकीत धरून पाहिला. “सुलट टाका आहे,” ते म्हणाले. खोट सापडली नाही याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. “पण मला पटत नाही.”

तपासणीच्या दिवशी थंडी दुपारी तीनला आली. चपला बाहेर काढल्या, दिलेल्या खुर्चीच्या कडेवर टेकली आणि फाईल मांडीवर घेतली. गळ्यापर्यंत बटणं लावलेला राखी स्वेटर, तोच दरवर्षीचा. इंदुमतींनी चहाचं विचारलं.

“नको. माझ्या हातात तो राहत नाही,” थंडी म्हणाली. “कपडा दाखवा.”

भास्करराव पाँचो घालूनच बसले होते. थंडीने काठ चिमटीत धरला, ताणला, सोडला. मग आतली बाजू उलटून पाहिली.

“अस्तर का?”

“लोकर टोचते त्यांना.”

“इतकी वर्षं टोचली नाही?” थंडीने काहीतरी लिहिलं आणि भास्कररावांकडे वळली. “आपण खोटं बोलत नाही असं फायलीत आहे. ही वीण कशावरची?”

इंदुमतींनी पदर मुठीत घट्ट धरला. खरं म्हणजे भास्कररावांना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, ते याच क्षणासाठी.

“कार्तिकापासून या घरात रोज पाच ते सहा दोन सुया वाजल्या,” भास्करराव म्हणाले. “मी मोजल्यात. तासाला बाराशे.”

“त्या मीही ऐकल्या. कुणाच्या हातात होत्या?”

भास्कररावांनी दोन्ही हात पाँचोतून बाहेर काढले. “माझ्या,” ते म्हणाले.

“मग पाँचो आपण विणलात?”

“नाही.”

थंडीने फाईल मिटली. “टाका तोडून पाहावा लागेल. दोन सुयांचं असेल तर विणीची घरं गळ्यापासून काठापर्यंत सुटत जातील. क्रोशाचं असेल तर जिथल्या तिथे राहील.”

तिने खिशातून कातरी काढून गळ्यापाशी एक टाका कापला. तिघंही बघत राहिले. काहीच सुटलं नाही. इंदुमतींनी इतकं पक्कं काम केलं होतं, आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पक्क्या कामाचा राग आला.

“क्रोशा,” थंडी म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.

“थांबा,” भास्करराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. “प्रमाण नमुना कुठे आहे?”

“कसला?”

“मी कुणाचंही वजन खोटं ठरवलं तर आधी माझं प्रमाण वजन त्याच तराजूत टाकून दाखवायचो. त्याशिवाय तपासणी ग्राह्य नाही. दोन सुयांचा निर्विवाद कपडा आणा, तसाच टाका तोडा, तो सुटतो हे दाखवा. मग लिहा काय ते.”

थंडीला यात चूक सापडेना. निर्विवाद कपडा त्या खोलीत एकच होता. तिचा स्वेटर दोन सुयांवरचा आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यातून तिला बाहेर पडता येत नाही, म्हणूनच ती एका जागी राहते आणि खुर्चीवर बसू शकते. तिने क्षणभर संशयाने भास्कररावांकडे पाहिलं. पण नियम म्हणजे नियम. तिने स्वतःच्या गळ्याखालचा टाका कापला.

घरं सरसर सुटत काठापर्यंत गेली. गळ्यापासून खालपर्यंत शिडी पडली आणि तिच्यातून थंडी बाहेर सांडायला लागली.

सांडलेल्या थंडीला नियम लागू नाही. तांब्यातलं पाणी तडकलं. खिडकीची काच पांढरी झाली. भास्कररावांनी पाय वर घेतले, पाँचोत ओढले आणि खोकायला लागले, तोच श्रावणातला खोल खोकला. खुर्चीवरची थंडी हळूहळू बारीक होत चालली होती आणि दोन्ही हातांनी स्वेटर मिटून धरायचा प्रयत्न करत होती.

“हात काढा,” इंदुमती म्हणाल्या.

अंबाड्यात खोचलेली क्रोशाची सुई त्यांनी ओढून काढली. सुटलेली ओळ उचलायला हीच सुई लागते. दोन सुयांवर विणणारी बाईसुद्धा त्यासाठी शेजारणीकडून ती मागून आणते. “अहो, काठ ताणून धरा,” त्यांनी सांगितलं. भास्कररावांनी खोकत खोकत डाव्या हाताने थंडीच्या स्वेटरचा काठ धरला. इंदुमतींनी सगळ्यात खालचं घर आकड्यात घेतलं, वरचा आडवा धागा त्यातून ओढला, की नवं घर. पुन्हा वरचा धागा, पुन्हा घर. बोटं बधिर झाली तरी उजवा हात थांबला नाही. घरं चढत चढत गळ्याशी पोचली, तिथे त्यांनी दोरा गाठ मारून आत लपवला. खोलीतली हवा निवळली. भास्कररावांचा खोकला थांबला, तेव्हा इंदुमतींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही.

थंडी पुन्हा होती तेवढी झाली. तिने इंदुमतींच्या हाताकडे पाहिलं.

“ही क्रोशाची सुई आहे.”

“हो.”

“या घरात क्रोशाची सुई आहे, हे मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“माझ्या स्वेटरला तुम्ही क्रोशाची सुई लावलीत.”

“लावली.”

“मग पाँचोचीच सुई लागलेल्या या स्वेटरला काय म्हणायचं?” भास्करराव म्हणाले. “क्रोशा म्हणाल, तर यातून तुम्हाला बाहेर पडायला परवानगी आहे.”

“मला पडायचं नाही,” थंडी घाईने म्हणाली. तिने मान खाली घालून स्वेटरवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. “ती ओळ कोणती?”

इंदुमती वाकल्या. भास्कररावांनी भिंग लावलं. तिघांनी बराच वेळ शोधली. सगळ्या ओळी सारख्याच होत्या.

“सांगता येणार नाही,” इंदुमती म्हणाल्या, आणि हे खरं होतं.

थंडीने फाईल उघडली. पाँचोच्या नावासमोर तिने लिहिलं: वीण, दोन सुया. शंका, कायम. मग सही करून चपला घातल्या आणि गुप्त्यांच्या फाटकाकडे गेली.

पौषभर ती रोज सकाळी येऊन कारखानिसांच्या ओसरीच्या पायरीवर बसे आणि पाँचोकडे टक लावून बघे. भास्करराव आरामखुर्चीत बसून तिच्या स्वेटरकडे बघत. बोलणं होत नसे. इंदुमती स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघांवर नजर ठेवत, कारण दोघांपैकी कुणाचाच त्यांना पूर्ण भरवसा नव्हता.

होळी झाली आणि थंडी गाव सोडून गेली. भास्करराव गेले नाहीत.