जहूरच्या घराचं छप्पर

जहूरने सासूला पत्रात लिहिलं होतं, 'मी इथे मोठ्या घरात असतो. फरशी नक्षीची आहे.' शब्द न् शब्द खरा होता. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तो त्या घरात असेच, पहारेकरी म्हणून. घर कुणा जुन्या काळच्या व्यापाऱ्याचं असावं, असं खोदकाम करणाऱ्या गोऱ्या साहेबाचं मत होतं. ते हजारेक वर्षांपूर्वीच पडलं होतं, एवढंच लिहायचं राहून गेलं.

माणूस हौसेने थोडाच थापा मारतो? लग्नाला तीन वर्षं झाली, तरी शहनाझ रत्नागिरीतच होती. घर झाल्याशिवाय लेक पाठवणार नाही, हा सासूचा, मैमुनाबींचा हट्ट. आणि नेमक्या त्या थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला दुबईत आल्या, तिथून जीपने थेट अबुधाबीला, जहूरकडे. घर दाखव, म्हणाल्या.

खरं सांगायला जहूरची जीभच रेटेना. तो त्यांना खोदकामावर घेऊन गेला. गुडघाभर भिंती, वर मोकळं आभाळ, खाली रंगीत खड्यांचे मासे. आता बिंग फुटणार, म्हणून त्याने डोळे मिटले.

पण मैमुनाबी पडल्या कोकणातल्या. त्यांच्या गावात निम्म्या घरांची जोती अशीच उभी होती. परदेशातून मुलगा पैसे धाडील तसा एकेक थर चढायचा. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"काम बरं चाललंय," त्या म्हणाल्या. जहूरचा जीव भांड्यात पडला.

मग त्या सुधारणा सांगू लागल्या. चूल इकडे, न्हाणी तिकडे. छपराआधी फरशी घालणाऱ्या गवंड्याला त्यांना दोन शब्द ऐकवायचे होते. कोपऱ्यात साहेब ओणवा बसून दातांच्या ब्रशने एक मासा घासत होता. असले कामगार ठेवल्यावर घर कधी व्हायचं, असं त्यांनी जहूरला विचारलं.

"छप्पर चढलं की शहनाझला पाठवते, इन्शाल्ला."

जहूर साहेबाकडे धावला. यावर छप्पर कधी घालणार?

"कभी नहीं," साहेब खूश होऊन म्हणाला. "हमेशा ऐसाही रहेगा."

खलास. जहूरने मैमुनाबींना सगळं सांगून टाकलं. घर आपलं नाही. आपली बाजारामागे एक खोली आहे, दहा बाय दहाची. मैमुनाबींनी आधी त्याला यथेच्छ झापलं. मग दम घेतला.

"खोलीला छप्पर आहे?"

"झावळ्यांचं आहे."

"गळतं?"

"इथे पाऊसच नाही, मामी."

मैमुनाबींनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मग पुढच्या बोटीने पाठवते. एवढं मोठं घर झाडताना माझ्या पोरीची कंबर मोडली असती."