बन्सीआबांची बाळी

बन्सीआबा पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले, अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "रवंथ कसा हाय, गुरुजी?"

मी नुकताच बदली होऊन नेकनूरला आलो होतो. सामानाचे खोके अजून फोडायचे होते. माझी बायको सुरेखा दारात हसू दाबत उभी होती. काय उत्तर द्यावं ते न सुचून मी म्हणालो, "ठीक आहे." आबांनी मान हलवली. ठीक नाही म्हणाले, डोळा पांढरा पडलाय, जंत असतील. आणि जाताना मागे वळून सुरेखाला बजावून गेले की यांना गूळ-शेंगदाणे चालू करा, नाहीतर भादव्यापर्यंत खंगतील.

ते आमचे शेजारी. गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून आख्खी नोकरी काढलेली. पट्टीबंधक म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, इंजेक्शनच्या वेळी शिंगं आवळायची, कानात नंबरचे पिवळे बिल्ले मारायचे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गावात त्यांना डॉक्टरच म्हणत. माणसाचं दुखणं त्यांना थेट कळत नसे. आधी मनात त्या माणसाचं जनावर करायचं, मगच निदान व्हायचं. सुरेखाच्या टाचेला भेगा पडल्या तर आबा म्हणाले, "खूर दावा." माझा मेहुणा लग्नाचं जमवायला आला होता आणि वय चौतीस सांगत फिरत होता. तो एकदा मोठ्यानं हसला, तेवढ्यात आबांनी त्याचे दात बघून घेतले आणि पाहुण्यांसमोर म्हणाले, "पुरा जुळलाय, समदे दात आलेत. चाळीसच्या आत न्हाई." ते स्थळ मोडलं. खोटं बोलायला नको होतं, पण मेहुणा अजूनही आमच्याकडे आला की आबांसमोर ओठ मिटून हसतो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जनावर सांगत न्हाई, आपुन वळखायचं." एसटीचा कंडक्टर गप्प बसलेला असला तरी हेच, माझा पाचवीचा वर्ग गणिताला मुका झाला तरी हेच.

त्यांच्या बायकोला मात्र ओळखायची गरज नव्हती. प्रयागकाकू सगळं सांगत. सकाळी अंगण झाडायला घेतलं की बोलणं सुरू व्हायचं ते रात्री दाराला कडी लागेपर्यंत. मूलबाळ झालं नव्हतं, त्यामुळे सगळं बोलणं एकट्या आबांच्या वाट्याला येई. आबा म्हणत, "आमच्या घरात रेडूला बटन न्हाई."

मग एका सकाळी काकू न्हाणीत पडल्या. अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि आवाजही गेला. बीडच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा येत होती. आम्हाला कुणालाच काही कळत नसे. आबा वाकून आपला उजवा कान त्यांच्या ओठांना लावायचे, बराच वेळ तसेच थांबायचे आणि मग सरळ होऊन सांगायचे, "सुरेखाची साडी झ्याक हाय म्हनती." कधी, "गुरुजी लई वाळले म्हनती." कधी, "चहा परत टाका म्हनती." चहाचं ऐकून आम्हाला शंका यायची की हे आबा स्वतःच्या मनचं घालतात. सुरेखा एकदा थट्टेत तसं म्हणाली, तर काकूंच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हसली. अकरा महिने आबांनी हे केलं. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, केस विंचरणं, सगळं. मग त्या गेल्या.

राख सावडायला मीही गेलो होतो. काकूंचा भाऊ लक्ष्मणराव उमापूरहून आला होता. मोठा शेतकरी, मनानं भला, पण तापट. अस्थी गोदावरीला न्यायचं ठरलं. सगळे मडक्याचं तोंड बांधण्यात गुंतले होते तेव्हा आबांनी खिशातून लसीची एक रिकामी काचेची बाटली काढली, तिच्यात चिमूट-चिमूट राख भरली आणि रबरी बूच दाबून पुन्हा खिशात टाकली. मी पाहिलं. त्यांनीही पाहिलं की मी पाहिलं.

महिन्याभरानं आबा मोबाइल घेऊन आले. त्यात एक व्हिडिओ होता. कुठल्याशा मोठ्या शहरात एक कारागीर बाई माणसाची राख काचेत मिसळून खडा बनवत होती. अंगठीत, लॉकेटमध्ये, हवं तिथं बसवून देत होती. आबांना तसं करून हवं होतं आणि फॉर्म मी भरायचा होता. मला आतून विचित्र वाटलं, पण भरायला बसलो. त्यात एक रकाना होता: राख माणसाची की पाळीव प्राण्याची? मी तो वाचून दाखवल्यावर आबांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, जनावराचं करत असतील तर काम नक्की चोख असणार. पुढे काय बनवायचं ते विचारलं होतं. मी अंगठी म्हणणार, तोच आबा म्हणाले, "बाळी. उजव्या कानाची."

या वयात बाळी कशाला, असं मी विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. अकरा महिने मी रोज तो कान बघत होतो.

पार्सल आलं. सोन्याच्या तारेत ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, धुरकट, दुधात राखाडी रंग फिरावा तसा. रविवारच्या बाजारात आम्ही सोनाराकडे कान टोचायला गेलो. वाटेत आबा मला समजावत होते की कान टोचणं म्हणजे काहीच नसतं, त्यांनी हजारो कानांत बिल्ले मारलेत, एकाही म्हशीनं तक्रार केली नाही. सोनारानं तार टोकदार केली, कान धरला, आणि आबा माझ्या अंगावर कोसळले. बेशुद्ध. पाणी मारून जागं केलं तेव्हा बाळी कानात होती आणि आबा विचारत होते, "झालं का? मला कळलं बी न्हाई."

इथपर्यंतची गोष्ट सांगताना मला हसू येतं. पुढची सांगताना येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्टँडजवळच्या हॉटेलात चहाला बसलो होतो. चार-पाच जण होते, विषय आबांच्या बाळीचा निघाला. आणि मी, ज्यानं फॉर्म भरला, ज्याच्या अंगावर ते कोसळले, तो मी म्हणालो, "शेवटी काकूंनीच डॉक्टरच्या कानात बिल्ला मारला."

हॉटेल हसून लोळलं. मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. बदलीवर आलेल्या मास्तराला गावानं असं खांद्यावर घेणं रोज घडत नाही. मी बेशुद्ध पडण्याचा भागही जोडला, पडून दाखवलं. संध्याकाळी शिक्षकांच्या ग्रुपवर तेच वाक्य टाकलं. हसण्याची चिन्हं मोजत बसलो. सुरेखाला दाखवलं तर तिनं वाचलं, फोन परत दिला आणि भाजी निवडायला लागली.

पंधरा दिवसांत नेकनूरनं बन्सीआबांचं डॉक्टर हे नाव काढून घेतलं. बाजारात, पिठाच्या गिरणीत, बसमध्ये, ते बिल्ला झाले. त्यांच्या पाठीमागे आधी, मग तोंडावर. आबा वळून बघत, हात वर करत. काकू गेल्यापासून ते रोज संध्याकाळी सहाला आमच्याकडे चहाला यायचे, तसेच येत राहिले. माझी पापणी ओढून बघत राहिले. मी त्यांच्याशी शेंगदाण्यांवर बोलत राहिलो.

हे नाव उमापूरला पोचायला महिना लागला. लक्ष्मणराव आपल्या चुलत्याला घेऊन आले. शिकलेला माणूस हवा म्हणून मला बोलावणं आलं. आबांच्या ओसरीवर आम्ही बसलो. लक्ष्मणरावांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की बहिणीची राख गोदावरीला सगळी न देता त्यातली कानात लटकवली, हेच मुळात चूक. पण ते एक वेळ पोटात घालता आलं असतं. "माझ्या बहिनीला लोकं जनावराचा बिल्ला म्हनत्यात," ते म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला. कुणी काढलं हे नाव, ते सांगा, त्याला बघतो, असं त्यांनी आबांना दोनदा विचारलं. आबा जमिनीकडे बघत होते. म्हणाले, गाव हाय, कुणी तरी काढलं.

मग लक्ष्मणराव माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमीच सांगा. शोभतं का हे?"

माझ्यापाशी तेव्हा सांगण्यासारखं सगळं होतं. काकूंच्या ओठांशी तो कान अकरा महिने कसा होता हे त्या ओसरीवर फक्त आबांना आणि मला माहीत होतं. ते नाव कुणी काढलं हेही माहीत होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "ज्याची त्याची श्रद्धा असते. पण आबा, लोक बोलतात तर थोडे दिवस काढून ठेवली तरी चालेल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं जनावर अचानक लंगडायला लागलं की बघत असतील, तसं. मग ते लक्ष्मणरावांना म्हणाले, "न्हाई निघायची. कान सुजलाय." कान कधीच बरा झाला होता, सगळ्यांना दिसत होता. लक्ष्मणराव उठले. या घराचं पाणी आता पिणार नाही असं म्हणाले आणि न प्यालेला तांब्या तिथंच ठेवून गेले. आबांना रक्ताचं असं कुणी नव्हतंच. काकूंकडून आलेलं एवढं एक माणूस होतं.

त्या संध्याकाळी आबा चहाला आले. त्यांच्या जागी मी असतो तर आलो नसतो. सुरेखानं कप ठेवला आणि आत जाताना माझ्याकडे अशी बघून गेली की मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, "आबा, ते बिल्ल्याचं मी बोललो होतो. हॉटेलात. पहिल्यांदा मीच."

आबांनी बशीत चहा ओतला. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिशीपासून. हॉटेलवाल्यानं सांगितलं. मी पडलो ते बी करून दावलं म्हनं तुमी." त्यांनी एक घोट घेतला. "मला बी हसू आलतं. ती आसती तर लई हसली आसती."

मी विचारलं की मग लक्ष्मणरावांना माझं नाव का सांगितलं नाही. दोनदा विचारत होते. सांगितलं असतं तर ते माझ्यावर चिडले असते, तुमच्यावर नाही.

आबांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या. "रोज सहाला मी तिला उठवून बसवायचो. उशी लावायची, कान न्यायचा. आता सहा वाजले का घरात थांबवत न्हाई." मग म्हणाले, "तुमचं नाव सांगितलं आसतं तर इथं कसा आलो आसतो, गुरुजी? मंग सहाला कुठं जायचं?"

मला माझ्या घरात बसवेना.

पुढच्या रविवारी मी बीडला गाडी बदलून उमापूरला गेलो. लक्ष्मणराव मोसंबीच्या बागेत होते. उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. कानाचं, अकरा महिन्यांचं आणि माझं. त्यांनी शिवी दिली नाही, त्याचीच मी तयारी करून गेलो होतो. त्यांनी एवढंच विचारलं की तिला बोलता येत नव्हतं तरी ती काय सांगायची. मी म्हणालो, साडी छान आहे, चहा टाका, असलंच. ते दुसरीकडे बघत होते. बसा म्हणाले नाहीत. बसस्टँडपर्यंत मी चालत आलो.

अजून ते नेकनूरला आलेले नाहीत. पण आबांना फोन येतो, आबा सांगतात. काय बोलणं होतं ते सांगत नाहीत. हॉटेलातही मी त्या चार-पाच जणांना ते नाव घेऊ नका म्हणून सांगितलं. ते ओशाळले, पण नाव काही मिटलं नाही. परवाच गिरणीवाल्यानं 'बिल्ला' अशी हाक मारली आणि आबांनी हात वर केला. मी शेजारी होतो. माझी मान वर झाली नाही.

आमच्या ओसरीवर दोन खुर्च्या आहेत. हॉटेलातल्या त्या दिवसापासून आबा भिंतीकडच्या खुर्चीत बसायचे. पंख्याचा वारा लागू नये म्हणून बसत असतील असं मला वाटायचं. त्या खुर्चीत उजवा कान भिंतीकडे जातो, बाळी माझ्या नजरेला पडत नाही. मी उमापूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला ते आले, जरा थांबले आणि दुसऱ्या खुर्चीत बसले.