पाचव्या चाकाची जागा

भर रस्त्यात गाडीचा टायर बसला तेव्हा शिंपीणबाईंच्या मांडीवर राजाचा झगा होता आणि राजा नाट्यगृहात बनियनवर बसला होता. पडदा उघडायला थोडाच वेळ उरला होता. "या वेळी उशीर झाला तर पुढचे पोशाख दुसऱ्याकडे," असं नाटकाच्या मॅनेजरने बजावलं होतं.

"घाबरू नकोस, आत्ता स्टेपनी लावतो," म्हणत नवऱ्याने बाह्या सरसावल्या आणि डिकीतला गालिचा उचलला. खाली चाक नव्हतं. एक बाटली होती, आणि मुठीएवढा पंप.

नवऱ्याने शोरूमच्या विक्रेत्याला फोन लावला.

"साहेब, नव्या गाडीत पाचवं चाक देतच नाहीत," तो गोड आवाजात म्हणाला. "गाडी हलकी राहते. पेट्रोल वाचतं."

बाईंनी फोन ओढून घेतला. "वाचतंय तर! गाडी जागची हलत नाहीये, थेंबसुद्धा लागत नाही."

"बाटलीतलं पंक्चरचं औषध टायरमध्ये सोडा ना, मॅडम."

सोडलं. पण टायर कडेला फाटला होता. पांढरंफेक औषध इकडून आत गेलं आणि तिकडून थेट नवऱ्याच्या मिशीवर आलं.

"कंपनीचा माणूस दोन तासांत येईल," विक्रेता म्हणाला.

"तोवर राजाचं राज्य जाईल आणि माझं गिऱ्हाईक!" बाईंनी फोन ठेवला. झगा हातात धरावा तर जमिनीवर लोळत होता. त्यांनी तो सरळ नवऱ्याच्या अंगावर चढवला. "चला."

"अगं, लोक बघतील!"

"बघू देत. राजाने कुणाला भ्यायचं?"

पुढे बाई, मागे पांढऱ्या मिशीचे महाराज, अशी वरात निघाली. बसमधल्या लोकांनी खिडकीतून मुजरे केले. तिसरी घंटा होता होता झगा राजाच्या अंगावर चढला, तेव्हा बाईंनी देवाला हात जोडले आणि तिथल्या तिथे नेम केला: पाचवं चाक सोबत असल्याशिवाय प्रयोगाला निघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये विक्रेत्याने समजावून पाहिलं. "डिकीत तेवढी जागाच नाही. वजन वाढेल, ॲव्हरेज पडेल."

"वजन कुठलं ठेवायचं, कुठलं उतरवायचं, ते माझं मी बघते. चाक काढा."

पुढच्या प्रयोगाला मागची सीट पोशाखांनी भरली. चाक पुढच्या सीटवर बसलं. पट्टा लावल्याशिवाय गाडी किंचाळायची थांबेना, म्हणून बाईंनी त्याला पट्टाही लावला आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या.

"मी कुठे बसू?" नवऱ्याने विचारलं.

बाईंनी बसस्टॉपकडे बोट दाखवलं.

संध्याकाळी बसमध्ये लोंबकळणाऱ्या नवऱ्याशेजारून गाडी गेली. काच खाली झाली.

"अहो, खरं होतं हं त्या विक्रेत्याचं!" बाई ओरडल्या. "वजन उतरवलं की ॲव्हरेज वाढतं!"