पोपटनाना लेकीला आणायला जातात

हेल्मेट नसलेल्या माणसाला दंड करण्याआधी पोपटनाना हवालदार विचारतात, "जेवना का, भाऊ?" माणूस गोंधळतो. मग नाना आपल्या अहिराणीत म्हणतात, "डोकं एकच शे. घर कोनीतरी वाट देखी र्‍हायनं व्हई." एवढ्या मायेनंतर दंड होतोच. तरी तो माणूस नानांसोबत सेल्फी काढूनच जातो.

जळगावच्या पिंप्राळ्यात नानांची आणि आमची भिंत एक. आम्ही आधी फैजपूरला होतो. आई-वडील दुसऱ्यांच्या बागांत केळीचे घड वाहायचे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही सांगतो. नानांनाही ते पाठ होतं. एकदा मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू ग्रॅज्युएट शे. तूच धर."

असे नानांचे रील सुरू झाले. जळगाव-धुळ्यात लोक ओळखू लागले. खाली बायका लिहायच्या, 'बाप असावा तर असा.' ते वाचून दाखवलं की नाना बूट पुसत विचारायचे, "दोंडाईचानं कोनी लिखं का?"

दोंडाईचाला त्यांची एकुलती लेक दिलेली, मनीषाताई. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. पण घरचं माणूस आणायला गेल्याशिवाय नाही. काकू, म्हणजे नानांच्या पत्नी, होत्या तोवर त्या जायच्या. त्या वारल्या त्या वर्षी आखाजीला नानांना बंदोबस्त लागला. नानांनी डोकं लढवलं. कामानिमित्त तिकडे निघालेल्या जीपमधल्या दोन शिपायांना सांगितलं, येताना लेकीला घेऊन या.

वर्दीतली जोडी ताईच्या दारात पाहून अख्खी गल्ली जमली. सासू रडायला लागली, सासरे वकिलाचा नंबर शोधू लागले. ताई आली नाही; फोनवर एवढंच म्हणाली, "आई गेली आणि मला आणणारं माणूसच उरलं नाही, नाना." त्यानंतर तिनं नानांचा फोन उचलला नाही.

मी म्हटलं, "नाना, रीलमध्ये माफी मागा. ताई बघेल."

"बठ्ठा गाव, सगळा गाव देखी," नाना म्हणाले. "तिनी गल्ली परत जमा करू का?"

यंदा त्यांनी रजा टाकली. साधा शर्ट घातला आणि मला सोबत घेतलं. गाडीत एका बाईनं ओळखलं, "रीलवाले नाना ना? बोला ना काहीतरी." नाना बोलले. डबा हसून बेजार.

ताईच्या दारात मात्र नाना उंबऱ्याशीच थांबले. चपला काढाव्या की नाही, तेही कळेना.

"ड्युटीवर आलात?" ताईनं विचारलं.

"रजा शे."

"जीप कुठंय?"

"आगगाडीनं उनू, बेटा."

तिनं नानांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वर्दीशिवाय फार बारीक दिसता," म्हणाली आणि आत गेली. आम्ही उन्हात उभे. सासऱ्यांनी पाणी दिलं, पण बसा म्हटलं नाही.

ताई पिशवी घेऊन बाहेर आली. नानांनी पिशवीला हात घातला. तिनं दिली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती, तरी नाना जळगावपर्यंत उभेच राहिले.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. यंदा काकूंची घागर मनीषाताईनं भरली. नाना बाजूला बसून होते. दुसऱ्या दिवशी तिला सोडायला नाना स्वतः गेले.