कौसाआत्याचं समन्स

पोलीस दिसला की आमच्या गल्लीतली माणसं मागच्या दाराने सटकतात. कौसाआत्या मात्र डोक्यावरचा पदर सारखा करून अंगणात येते आणि चार घरांना ऐकू जाईल असं विचारते, "जमादार, माझं समन्स आणलं का?"

शहागडला हायवेच्या कडेला आत्याचं चहाचं हॉटेल आहे. समोर अपघात झाला की बघे पन्नास, पण पोलिसांना जबाब द्यायला एकटी आत्या. पुढे केस उभी राहते आणि साक्षीचं समन्स घेऊन हवालदार घरी येतो. आत्या त्याला खुर्ची देते, समन्स मोठ्याने वाचायला लावते. मी शाळामास्तर, तिच्या शेजारच्याच घरात राहतो. एकदा मी हळूच माझी खिडकी लावून घेतली, तर म्हणाली, "पुन्हा वाचा जमादार, मास्तरला ऐकू गेलं न्हाई." अंगठा ती देत नाही, सहीच करते. 'कौसल्याबाई' एवढं कोरून होईपर्यंत हवालदाराचा दुसरा चहा होतो.

मी समजावून पाहिलं, "आत्या, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मंग येड्यानं चढावी. मी हाये ना!"

एका ट्रकने शाळेतली पोरगी चिरडली, तेव्हाही समन्स आत्यालाच. मालकाची माणसं हॉटेलात येऊन बसली. "मावशी, तुम्हाला नीट दिसलं नसंल."

"तुमच्या कपाचा टवका उडालाय, त्यो दिसून राह्यलाय. ट्रक न्हाई दिसणार?"

खरं सांगतो, त्या माणसांना मीच भ्यालो होतो. तरी तारखेला मी तिला अंबडला नेलं. गुडघे धरत ती कोर्टाच्या पायऱ्या चढली. समोरचा वकील हसून म्हणाला, "आजी, दर अपघाताला साक्षीला तुम्हीच कशा?"

आत्याने पदर सारखा केला. "माझ्या लेकाला याच रोडवर ट्रकनं उडवलं, साहेब. भर बाजाराचा दिवस होता. समद्यांनी पाह्यलं, साक्षीला कुणीच आलं न्हाई."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. माझीच मला लाज वाटली. परतताना बसमध्ये ती सारखी विचारत होती, "बराबर बोलले ना, मास्तर?"

त्यानंतर नाक्यावर एका जीपने भाजीवाल्याला उडवलं. या वेळी आत्याच्या मागोमाग मीही जबाब दिला.

परवा हवालदार आला. मी खिडकी उघडीच ठेवली होती. आत्याने माझ्यासाठीही अंगणात खुर्ची टाकली.

"मोठ्यानं वाचा, जमादार," पदर सारखा करत ती म्हणाली, "या खेपेला दोघं हाईत."