भुकेचा पुरावा

भूक आपोआप लागते, ही एक सार्वत्रिक गैरसमजूत आहे. भूक मंजूर व्हावी लागते. चरबी संशोधन केंद्रात सव्वीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढल्यावर हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

चरबीला लोक आळशी समजतात. प्रत्यक्षात तिच्याइतका दक्ष स्टोअरकीपर शोधून सापडायचा नाही. रक्तातून साखर किती आली, स्निग्ध पदार्थ किती आले, याची ती काटेकोर मोजदाद ठेवते आणि त्यानुसार लेप्टिन नावाचं हार्मोन मेंदूकडे रवाना करते. मजकूर एकच: ‘साठा पुरेसा आहे, जेवण आवरावे.’ साठा घटला की ही पत्रं घटतात आणि पोटात कावळे ओरडू लागतात. साठा फारच वाढला, तर मात्र पत्रांचा असा ढीग लागतो की मेंदू ती वाचणंच सोडून देतो. (याचा अभ्यास आमच्या संचालकांनी स्वतःवर केला. त्यासाठी त्यांना खुर्चीतून उठावंही लागलं नाही.)

अशा संस्थेत गेटवरच्या वॉचमनने जेवणाच्या सुट्टीसाठी अर्ज केला. त्याची ड्युटी आठ ते आठ. बदली माणूस नाही, त्यामुळे गेट सोडायचं नाही. आणि गेटवर खायचं नाही (नियम सात: पाहुण्यांवर वाईट छाप पडते).

“साहेब, अर्धा तास द्या. दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते,” एवढंच त्याचं म्हणणं होतं.

संचालकांनी अर्जावर शेरा मारला: ‘भुकेचा पुरावा जोडावा.’

संस्था निःपक्षपाती असल्याने चौतीसही कर्मचाऱ्यांचं रक्त तपासण्यात आलं. वॉचमनचं लेप्टिन इतकं कमी निघालं की मशीन बिघडलंय असं समजून ते दुरुस्तीला पाठवलं. मशीन ठणठणीत होतं. मग लॅबमधल्या बाई स्वतःच गेटवर गेल्या.

“काका, पोटभर कधी जेवता हो?”

“घरी गेल्यावर, ताई. उरलं असलं तर.”

संचालकांच्या रिपोर्टनुसार त्यांना पुढच्या मार्चपर्यंत जेवायची गरज नव्हती.

मग समिती बसली (दुपारी दीड वाजता, भोजनासह). बाईंनी आकडे मांडले आणि आवाज चढवून म्हणाल्या, “तो माणूस एक दिवस गेटवरच कोसळेल!” समितीने या भावनेची नोंद घेतली. त्यानंतर सर्वांच्या लेप्टिनची सरासरी काढण्यात आली. तीवरून संस्था एकूण तृप्त असल्याचं सिद्ध झालं. तृप्त संस्थेत कोणी उपाशी असण्याची तरतूद नसल्याने अर्ज निकाली काढला. पुढे शोधनिबंधात वॉचमनचा आकडा ‘टोकाचा’ म्हणून वगळला, तेव्हा सरासरी आणखी सुधारली.

हे सांगायला मीच गेटवर गेलो.

“म्हणजे मला काढलं?” त्याचा चेहरा पडला.

“फक्त आकड्यांतून,” मी धीर दिला. “ड्युटी चालूच आहे.”

मला खरंच वाईट वाटलं. जेवण मात्र नेहमीइतकंच गेलं.

निबंधावर आक्षेप एकच आला: तेहतीस माणसं फार थोडी. तेव्हा आम्ही संख्या वाढवतो आहोत. तुमच्याही दाराशी कोणीतरी बसत असेल, रोज तुमच्यासाठी गेट उघडत असेल. तो माणूस दुपारी कधी जेवतो, हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर संकोच नको. रक्त द्यायलाही यायला नको. तुम्हाला सरासरीत धरलेलं आहे.